खुर्चीचे माप गुडघ्यापासून

भारतात तयार मिळणारी बहुतेक लिहिण्याची टेबले ७५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण अडीच फूट उंचीची असतात, आणि घरी किंवा छोट्या कचेरीत कामासाठी खुर्ची निवडण्याचा प्रश्न खरे तर याच आकड्यापासून सुरू होतो. बसलेल्या माणसाचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर ढोबळ मानाने त्याच्या उंचीच्या एक चतुर्थांश भरते. म्हणजे पाच फूट उंचीच्या व्यक्तीत ते ३८ सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि तिच्या बसण्याच्या जागेपासून कोपरापर्यंतची उंची आणखी २१–२२ सेंटिमीटर धरली, तर तिचे कोपर जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर येते. टेबल त्याहून १५ सेंटिमीटर उंच. पावणेसहा फुटी पुरुषाच्या बाबतीतही हा फरक ८–१० सेंटिमीटरचा उरतोच. टंकलेखन करताना कीबोर्ड कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली असला तरच खांदे सैल राहतात, म्हणून अशा टेबलापाशी बसलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: एकतर खांदे उचलून काम करायचे, नाहीतर खुर्ची वर चढवून पाय लोंबकळत ठेवायचे. खांदेदुखीची तक्रार घेऊन नवी, महाग खुर्ची आणणाऱ्या कितीतरी घरांत दोष खुर्चीचा नसून टेबलाचा असतो.

टेबलाची ही उंची टंकलेखनासाठी ठरलेली नाही. ती हाताने लिहिण्याच्या काळातून आलेली आहे, जेव्हा कागद कोपरापेक्षा थोडा वर आणि डोळ्यांना जवळ असणे सोयीचे होते. शिवाय उंचीची ही गणिते बूट घालून बसणारी माणसे डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात, आणि बुटाची टाच पायाखाली दोन-तीन सेंटिमीटर आयतेच देऊन जाते. मराठी घरात मात्र माणूस अनवाणी बसतो, त्यामुळे तेवढी उणीव पुन्हा वाढते. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’पासून फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि ती वस्तू सामान्य घरात रुळली ती त्यानंतर फार उशिरा. तोवर जेवण पाटावर होत असे, आणि हिशेब पेढीवरच्या गादीवर, पाठीशी लोड आणि पुढ्यात उतरत्या फळीचे बैठे मेज घेऊन. त्या बैठकीत पाठीचा प्रश्न नव्हता असे मुळीच नाही, परंतु मेज, गादी आणि माणूस यांची उंची एकमेकांशी जुळलेली होती, आणि कारकून अधूनमधून मांडी बदलत, लोडाला टेकत, पाय लांब करत असे. खुर्ची-टेबलाच्या जोडीत ही जुळणी आपोआप होत नाही. ती मोजून करावी लागते. भारतीय शरीरांची अशी मोजमापे देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने, म्हणजे एनआयडीने, ती १९९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तरीही बाजारातल्या अनेक खुर्च्यांचे साचे परदेशी मापांवरच बेतलेले दिसतात, आणि त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो बुटक्या स्त्रियांना.

बसण्याने पाठीचे नेमके काय होते, हे समजल्याशिवाय खुर्चीच्या कोणत्या भागासाठी पैसे मोजायचे हे ठरवता येत नाही. उभ्या माणसाच्या कमरेच्या मणक्यांना पुढच्या दिशेने एक बाक असतो. माणूस बसला की मांड्या धडाशी काटकोनात येतात, मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, मागच्या बाजूला कलंडतो. त्यासरशी कमरेचा बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांची पुढची कड दाबली जाऊन मागची कड ताणली जाते. अमेरिकन शल्यवैद्य जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्ष-किरण चित्रांतून असे दाखवले, की धड आणि मांडी यांच्यातला कोन सुमारे १३५ अंश असताना कमरेचा बाक नैसर्गिक राहतो. काटकोनात ताठ बसण्याची जी शिस्त शाळेत लावली जाते, ती या दृष्टीने पाठीला फारशी मानवणारी नाही.

पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला, आणि टेकल्याविना बसताना तो उभे राहण्यापेक्षा बराच अधिक असल्याचे सांगितले. ‘बसणे हे उभे राहण्याहून वाईट’ हे आज सर्वतोमुखी झालेले वाक्य मुख्यतः त्या मोजण्यांचे अपत्य आहे. मात्र १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनाने हाच दाब मोजला, तेव्हा सैलपणे बसलेल्या स्थितीत तो उभ्या स्थितीपेक्षा जास्त आढळला नाही. मोजणी एकाच व्यक्तीवर केलेली असल्याने तिच्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, पण बसण्याविषयीच्या भीतीला तिने थोडा लगाम घातला हे खरे. एका गोष्टीवर मात्र या साऱ्या संशोधनाचे बऱ्यापैकी एकमत आहे: पाठ मागे कलवून टेकवली, कमरेला आधार दिला आणि हातांचे वजन खुर्चीच्या हातांवर झेलले, की चकतीवरचा भार उतरतो. शिवाय प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या पेशींतून झिरपून होते, आणि हालचालीने दाब कमी-जास्त झाला की त्याला मदत होते. तेव्हा एकाच ‘योग्य’ स्थितीत जखडून ठेवणारी खुर्ची नव्हे, तर टेकून स्थिती बदलू देणारी खुर्ची चांगली, एवढा निकष हाती लागतो. पाय बधिर होणे, कमरेतून पायात कळ जाणे अशी लक्षणे असतील, तर मात्र तो विषय फर्निचरच्या दुकानाचा नसून डॉक्टरांचा आहे.

खरेदीआधीची पहिली कृती म्हणजे घरच्या घरी शिवणकामाच्या टेपने दोन मापे घेणे. पहिले जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे, आणि दुसरे, पाठ भिंतीला टेकवून बसल्यावर भिंतीपासून त्याच लवणीपर्यंतचे. पहिल्या मापावरून बैठकीची उंची ठरते. बाजारातल्या बऱ्याच फिरत्या खुर्च्यांची बैठक ४३ ते ५३ सेंटिमीटरच्या दरम्यान वरखाली होते, म्हणजे लवणीचे माप ३८ असणाऱ्या व्यक्तीला ती सर्वांत खाली आणूनही उंचच पडते. मांडीची खालची बाजू बैठकीच्या कडेवर दाबली जाते आणि पायांना मुंग्या येतात. अशा व्यक्तीने माहितीपत्रकात सर्वांत कमी उंची किती दिली आहे ते आधी पाहावे, किंवा दुकानदाराकडून आखूड सिलिंडर (बैठक वरखाली करणारे नळकांडे) बसवून घ्यावा. ही अदलाबदल खुर्चीच्या किमतीच्या मानाने स्वस्तात होते, फक्त ती मागावी लागते. दुसऱ्या मापावरून बैठकीची खोली ठरते. पाठ पूर्ण टेकलेली असताना बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. बैठक त्याहून खोल असेल तर माणूस पाठ टेकवण्यासाठी मागे सरकूच शकत नाही, पुढच्या कडेवर बसून राहतो, आणि मग पाठीच्या आधारासाठी मोजलेले सारे पैसे वाया जातात. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण दुकानात रुंद, खोल, ऐसपैस खुर्ची अधिक राजेशाही वाटते. पुढची कड गोलसर, खाली उतरती असावी, हेही बोट फिरवून कळते.

कमरेच्या आधाराचा फुगवटा बसणाऱ्याच्या पट्ट्याच्या आसपास यावा. तो फार वर आला, तर बरगड्यांना पुढे ढकलून माणसाला उलट वाकवतो, म्हणून आधाराची किंवा सबंध पाठीची उंची बदलता येणारी खुर्ची मिळाल्यास त्यासाठी थोडे अधिक मोजणे सार्थ ठरते. नाही मिळाली, तर जुन्या पंच्याची घट्ट गुंडाळी दोऱ्याने खुर्चीच्या पाठीला बांधून हेच काम होते, आणि ती वरखाली हवी तशी सरकवता येते, ही सोय महागड्या खुर्च्यांनाही नेहमी जमत नाही. डोके टेकवण्याची उशी मात्र पडद्याकडे पाहून काम करताना वापरात येतच नाही. ती मागे रेलून वाचणाऱ्यासाठी असते, त्यामुळे मर्यादित खर्चात तिच्यासाठी वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

खुर्चीचे हात हा वादाचा विषय आहे. उंची बदलता येणारे हात खांद्यांचा भार झेलतात, तर जागचे न हलणारे हात टेबलाच्या कडेला अडून माणसाला टेबलापासून दूर ठेवतात आणि तो कामाकडे पुढे वाकतो. असे हात असण्यापेक्षा ते नसलेले बरे. त्यातून भारतीय माणसाचा एक वेगळाच मुद्दा आहे, ज्याचा विचार परदेशी आराखड्यांत क्वचितच दिसतो: तो खुर्चीवरही मांडी घालतो. मांडी घातल्याने श्रोणी मागे कलंडते, म्हणून ती तासन्तास घालू नये, पण बसण्याची रीत बदलण्याचा तोही एक प्रकारच आहे. ज्याला ही सवय असेल त्याने हात काढून ठेवता येणारी खुर्ची घेणे शहाणपणाचे, कारण सवय मोडण्यापेक्षा चार स्क्रू काढणे सोपे असते.

बैठकीत फोम असावा की जाळी, याचे उत्तर किमतीप्रमाणे बदलते. महाग खुर्च्यांची जाळी लवचीक धाग्यांची, ताणून बसवलेली असते आणि वजन सर्वत्र सारखे वाटते. स्वस्त खुर्चीच्या बैठकीची जाळी मात्र काही महिन्यांत झोळीसारखी खाली उतरते आणि मांड्या पुढच्या कडक चौकटीवर येतात. म्हणून कमी खर्चात बैठक फोमची आणि पाठ जाळीची, ही जोडी सर्वांत हिशेबी पडते. पाठीला घाम येत नाही आणि बैठक टिकते. फोमच्या बाबतीत दुकानदार ‘डेन्सिटी’ सांगतात, ती म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. डेन्सिटी आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत: कमी डेन्सिटीचा फोमही सुरुवातीला कडक किंवा मऊ, हवा तसा बनवता येतो, परंतु तो लवकर बसतो. बैठकीसाठी ४० किंवा त्याहून जास्त डेन्सिटीचा, आणि शक्यतो मोठ्या लादीतून कापलेला नव्हे तर साच्यात ओतून घडवलेला फोम मागावा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर खालची प्लायवूडची फळी हाताला लागली, तर ती वर्षभरात बैठकीच्या हाडांनाही लागणार हे नक्की. दोन मिनिटे बसून पाहणाऱ्याला मऊ फोम नेहमीच आवडतो, आणि दुकानदाराला हे ठाऊक असते. वीस मिनिटे बसण्याचा संकोच करू नये.

रेक्झिन किंवा कृत्रिम चामड्याचे आवरण रुबाबदार दिसते, पण त्यातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत हा क्रम लवकर पुरा होतो, आणि मग काळे कपटे कपड्यांना चिकटून घरभर फिरतात. तेथे साधे विणलेले कापड अधिक टिकाऊ.

खुर्चीची खरी किंमत कळते ती तिला उलटी करून पाहिल्यावर, आणि चोखंदळ गिऱ्हाइकाने हे दुकानात बिनदिक्कत करावे. बैठकीखालच्या लोखंडी पेटीला व्यापारात ‘मेकॅनिझम’ म्हणतात. पाठ कशी कलते हे तिच्यावर अवलंबून असते. सर्वांत साध्या प्रकारात बैठक आणि पाठ मिळून झोपाळ्यासारखी डोलतात, त्यामुळे मागे रेलताच गुडघे वर उचलले जातात आणि पाय जमिनीवरून सुटतात. ‘सिंक्रो’ प्रकारात पाठ जास्त आणि बैठक थोडी, अशा ठरावीक प्रमाणात दोन्ही कलतात. धड आणि मांडीतला कोन उघडतो, पाय जमिनीवर राहतात, आणि चकतीवरचा भार उतरवण्याची वर सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात घडते. थोडे जास्त पैसे खर्च करायचेच असतील तर ते कातड्यावर, क्रोमच्या चकाकीवर किंवा डोक्याच्या उशीवर न करता येथे करावेत. बैठकीखालची मोठी गोल मूठ फिरवून रेलण्याचा ताण स्वतःच्या वजनाइतका जुळवता येतो, हे अनेकांना खुर्ची जुनी होईपर्यंत कळत नाही.

बैठक वरखाली करणाऱ्या नळकांड्याला दुकानांत ‘हायड्रॉलिक’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ते उचलले जाते दाबून भरलेल्या नायट्रोजन वायूने. त्याच्या नळीच्या जाडीवरून वर्ग ठरतात आणि वर्ग नळकांड्यावर छापलेला असतो. वर्ग ४ सर्वांत दणकट, वर्ग ३ सामान्य वजनाच्या माणसाला पुरेसा, आणि काहीच छापलेले नसेल तर ती खुर्ची तेथेच सोडावी. खालचा बेस पाच पायांचा हवा, कारण चार पायांवरची फिरती खुर्ची तिरकी रेलल्यास कलंडू शकते. चाके बहुधा कडक नायलॉनची येतात, जी गालिच्यासाठी ठीक; फरशीवर ती घसरतात, खडखडतात आणि चरे पाडतात, म्हणून मऊ रबरी आवरणाची चाके बदलून घ्यावीत.

‘अर्गोनॉमिक’ हे विशेषण आज प्रत्येक खोक्यावर छापलेले असते. काम आणि काम करणाऱ्याचे शरीर यांची सांगड घालणाऱ्या शास्त्राला ग्रीक शब्दांवरून हे नाव पोलंडच्या वोयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये दिले, पण खोक्यावरचा शब्द त्या शास्त्राची हमी देत नाही. ‘बिफ्मा’चा उल्लेख याहून कामाचा: ही फर्निचर उत्पादकांची १९७३ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन संघटना असून तिच्या मानकानुसार खुर्चीवर वारंवार भार टाकून ती किती टिकते हे तपासले जाते. अर्थात ही परीक्षा मजबुतीची आहे. खुर्ची बसणाऱ्याच्या मापाची आहे की नाही, हे ती सांगत नाही. गेमिंग खुर्च्यांविषयी तर एवढेच, की त्यांचा आकार शर्यतीच्या मोटारींच्या आसनांवरून घेतलेला आहे. वळणावर चालक बाजूला फेकला जाऊ नये यासाठीचे ते उंच कठडे टेबलापाशी बसणाऱ्याचे खांदे पुढे ढकलण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत.

दिवसाकाठी तास-दोन तास बसणाऱ्याला फिरत्या खुर्चीची गरजच असते असे नाही. चार हजारांची डगमगती फिरती खुर्ची घेण्यापेक्षा घरातली सरळ पाठीची लाकडी खुर्ची, तिच्यावर कडक गादी, कमरेला पंचा आणि पायाखाली पाट, ही रचना पुष्कळदा सरस ठरते. टेबलाचे म्हणाल, तर सुताराकडून लाकडी टेबलाचे पाय आठ-दहा सेंटिमीटर कापून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. फक्त फळीखाली खण असेल तर मांड्यांना जागा उरते का, हे कापण्याआधी पाहावे, कारण कापलेला पाय पुन्हा वाढत नाही. टेबल भाड्याच्या घरातले असेल, किंवा त्यावर उंच माणसेही बसत असतील, तर खुर्ची वर घेऊन पायाखाली टेकू द्यावा. पाट बहुधा कमी पडतो आणि चौरंग जास्त होतो, म्हणून सुताराच्या कपट्यांतून हव्या उंचीची उतरती फळी करून घेतलेली बरी. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने त्याखाली पुस्तके रचून पडदा वर घ्यावा आणि वेगळा कीबोर्ड जोडावा; मान खाली घालायला लावणाऱ्या पडद्यापुढे कोणत्याही खुर्चीचा इलाज चालत नाही.

दिवसातले आठ तास बसायचे असेल आणि हातात दहा हजारांच्या आतले पैसे असतील, तर नव्या मालापेक्षा कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या खुर्च्या पाहाव्यात. कंपन्या जागा बदलतात किंवा बंद पडतात तेव्हा चांगल्या प्रतीच्या, सिंक्रो मेकॅनिझमच्या खुर्च्या घाऊक भावाने निघतात आणि मुंबईच्या जोगेश्वरीत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारासारख्या ठिकाणी पोहोचतात. मूळ किमतीच्या काही अंशात मिळणारी अशी खुर्ची त्याच पैशांत येणाऱ्या नव्या खुर्चीहून बहुतेक वेळा दणकट निघते. ती घेताना बैठक पूर्ण वर नेऊन दहा मिनिटे बसून राहावे. तेवढ्यात ती खाली उतरू लागली तर सिलिंडर गेला आहे, आणि त्याची किंमत सौद्यातून वजा करता येते. तो बदलण्याचे काम मात्र कारागिराचेच, आत दाबाखालचा वायू असल्याने घरी उघडून पाहण्याची ती वस्तू नव्हे. पाठ प्रत्येक टप्प्यावर अडकते का, बेसला खालून चीर गेली आहे का, हे पाहावे. कापडाच्या शिवणीत ढेकूण नाहीत याची खात्री टॉर्च लावून करावी, आणि चाके बाहेर ओढून पाहावीत: त्यांच्या आसाभोवती बहुधा आधीच्या मालकाच्या कचेरीतले केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, आणि ‘चाक बाद झाले आहे’ म्हणून स्वस्तात काढलेली खुर्ची ते कात्रीने कापून काढताच पुन्हा सुरळीत फिरू लागते.